खानापूर तालुक्यातल्या अंगणवाडीत माझा पहिला दिवस

नर्सरी टीचर ट्रेनिंगमध्ये प्रत्यक्ष वर्गावर जावंच लागतं. माझ्या मैत्रिणींना बेळगाव शहरातल्या केजी मिळाल्या आणि मला खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली अंगणवाडी. यादी बघून तोंड वाकडं झालं होतं, खोटं कशाला बोलू! आता पुढच्या बॅचच्या मुली विचारतात, म्हणून लिहितेय.

आधी कागदपत्रांचं. कॉलेजचं पत्र घेऊन थेट अंगणवाडीत गेलात तर बाई आत घेणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, त्यामुळे परवानगी तालुक्याच्या सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) ऑफिसातून आणायची. अर्ज कन्नडमध्ये असला की लवकर पुढे सरकतो. एक झेरॉक्स सुपरवायझरना द्यायची, एक स्वतःजवळ ठेवायची. साध्या सरकारी बसला जून २०२३ पासून बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पण कर्नाटकातला पत्ता असलेलं आधारसारखं ओळखपत्र दाखवावं लागतं. आमच्या वर्गातली चंदगडची, म्हणजे महाराष्ट्रातली मुलगी त्याच बसला पूर्ण तिकीट काढते.

मी गेले तेव्हा रोप लावणी जोरात होती. आया शेतात, म्हणून पोरांना सोडायला आज्ज्या येत होत्या. ओल्या चपलांचा दाराशी ढीग पडलेला आणि खोलीत दुधाच्या पावडरीचा वास. पिशवीत मी कापडी बाहुल्या आणि गोष्टीचं टाचण घेऊन गेले होते. बाई म्हणाल्या, "आज काही शिकवू नकोस. खाली बस आणि बघ. पोरांना तुझी सवय होऊ दे."

खाली म्हणजे खरोखर जमिनीवर. खुर्चीत बसलं तर मुलांना तुमचे गुडघेच दिसतात.

साधारण तीन वर्षांचा एक नवा मुलगा होता. आजी वळली तसा त्यानं सूर लावला. एक चप्पल काढलेली, दुसरी पायातच, आणि हा उंबऱ्यावर ठाण मांडून. मी उठायला लागले तर मदतनीस मावशींनी डोळ्यांनीच थांबवलं. "उचलू नकोस गे. आता उचललंस तर दिवसभर खाली उतरायचा नाही." मग त्या सुपात तांदूळ घेऊन त्याच्यापासून हातभर अंतरावर बसल्या आणि खडे वेचायला लागल्या. त्याच्याकडे बघणं नाही, 'उगी उगी' नाही. रडं चालूच होतं, पण नजर सुपाकडे. बऱ्याच वेळानं त्यानं बोट घालून एक खडा काढला. मावशींनी नुसता तळवा पुढे केला. त्यानं खडा त्यावर ठेवला. मग दुसरा. (एक तांदूळही ठेवला, तोही मावशींनी खडा म्हणूनच घेतला.) सूप आत सरकलं तसा तोही मागोमाग आत आला, चपलेसकट. ती पायातून कधी निघाली ते मला दिसलंच नाही.

निरीक्षण वहीत नेमकं हेच उतरवायचं असतं. 'मुलगा हट्टी आहे' असं लिहिलंत तर मॅडम लाल रेघ मारतात. 'उंबऱ्यावर बसला, एक चप्पल पायात, रडताना नजर सुपाकडे' असं लिहायचं. दिसलं ते लिहा, वाटलं ते नको. लिहिताना दोन मुली पाठीवर लोंबकळून विचारत होत्या, "टीचर, काय लिवूलालीस?"

भाषेची मला उगाच धास्ती होती. भिंतीवरचे तक्ते आणि रजिस्टर कन्नडमध्ये, पोरांचं भांडण मराठीत. बाई अंक 'ओंदु, एरडु, मूरु' असे म्हणून घेत होत्या आणि कोल्ह्याची गोष्ट मराठीत सांगत होत्या. मुलांना त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. खरी अडचण मोबाईलची. हजेरी, वजन, आहार सगळं ॲपवर भरायचं, आणि पावसात रेंज नाही. बाई फोन धरून दाराबाहेर उभ्या राहिल्या की वर्ग मावशींवर. माझ्या मते निम्मं शिकवणं त्याच करतात, पगारपत्रक काहीही म्हणो.

थिअरीच्या पेपरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ पाठ केल्या होत्या. १९४५ ला बोर्डीत सुरू झालेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम, मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हे पाच मार्कांचं उत्तर. सुपाभोवती तीन-चार पोरं जमलेली बघितल्यावर त्या उत्तरातलं 'परिसरातील साधने' म्हणजे काय ते कळलं.

निघताना बाई म्हणाल्या, "बाहुल्या राहू देत आठवडाभर. उद्या चिंचोके आण, निवडायला देऊ." आणि मागून मावशी ओरडल्या, "मोजून आण गे, आणि मोजूनच परत घे. एकेकाचं नाक लई मोठं आहे!"