आमची वाटचाल: लग्नाच्या मंडपातून रेसच्या ट्रॅकवर

आमचं फोटोग्राफीचं दुकान कोल्हापुरात, राजारामपुरीत. मी आणि माझा मेहुणा, दोघांची भागीदारी. सुरुवातीची काही वर्षं पोट भरलं ते लग्नांनीच. आषाढी एकादशी झाली की मुहूर्त संपायचे आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत कॅमेरे कपाटात. पण याच महिन्यांत चेन्नई आणि कोइमतूरच्या ट्रॅकवर रेसिंगचा हंगाम रंगात असतो. कोल्हापूरला या खेळाचं वेड आहेच. गो-कार्टचा ट्रॅक गावात, आणि पोराला कार्टमध्ये बसवणारे आईबाप हौसेला मोल बघत नाहीत. आमचं पहिलं रेसिंगचं गिऱ्हाईक अशाच एका पोराचे वडील. त्यांनी एकच अट घातली, "फोटो कसा का असंना, स्पॉन्सरचे स्टिकर वाचता आले पाहिजेत. त्यावर पुढच्या वर्षीचे पैसे मिळायचेत."

त्या एका वाक्यावर आमची लेन्सची खरेदी ठरली. २०१५ साल असेल. हातात कॅननची सेव्हन-डी बॉडी होती आणि समोर तीन पर्याय. सिग्माची १२०-३०० एफ २.८ (पहिले आकडे मिलिमीटरचे, मोठा आकडा म्हणजे लांबचं जवळ दिसणार; एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), म्हणजे तीन किलोच्या वरचं धूड. दिवसभर ट्रॅकच्या कडेने ते घेऊन फिरायचं तर मोनोपॉडशिवाय, म्हणजे एका पायाच्या स्टँडशिवाय, गती नाही. कॅननची १००-४००, लांब पल्ल्याची, पण ४०० ला ती ५.६ वर येते, म्हणजे २.८ च्या मानाने चौथाईच उजेड आत जातो. आणि कॅननचीच ७०-२०० एफ २.८, दुसरी आवृत्ती, दीड किलोची. मेहुण्याचा जीव १००-४०० वर. मी हिशोब मांडला: ७०-२०० लग्नात हॉलच्या मागच्या टोकाला उभं राहूनही अक्षता पडताना टिपेल, तिचा हप्ता लग्नंच फेडतील. सेव्हन-डीचा सेन्सर, म्हणजे आतला फोटो टिपणारा भाग, लहान, त्यामुळे २०० ची चौकट ३२० सारखी दिसते. वर १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारा, पल्ला १.४ पट करणारा जोड) लावला की लेन्स होते २८० एफ ४. कोइमतूरचा ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा, तिथे एवढं पुरून उरतं.

आता खरी गंमत. रेसमधला ज्याला आपण चांगला फोटो म्हणतो, तो २.८ वर निघतच नाही. ताशी १८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ५० मीटर कापते. १/१००० शटरला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, ती पाच सेंटिमीटरच सरकते, चाकं गोठतात आणि गाडी पार्किंगमध्ये लावल्यासारखी दिसते. म्हणून १/१२५ ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा, याला पॅनिंग म्हणतात. लेन्सचं स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) अशा फिरवण्यासाठीच असलेल्या मोड २ वर. मग मागचं सगळं पुसलं जातं, गाडी आणि स्टिकर तेवढे धारदार राहतात. पण भर उन्हात १/१२५ म्हणजे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० वरसुद्धा अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) एफ १४ पर्यंत बंद करावं लागतं. मग २.८ साठी एवढे पैसे कशाला, असं आजही दुकानात येणारी पोरं विचारतात.

उत्तर असं की फोकस करताना लेन्स कायम पूर्ण उघडी असते, अ‍ॅपर्चर मिटतं ते फोटो काढण्याच्या क्षणी. सेव्हन-डीचा मधला फोकस पॉइंट २.८ च्या लेन्सबरोबर जास्त अचूक चालतो. वळणातून अंगावर येणाऱ्या मोटारसायकलवर हा फरक लगेच कळतो. दुसरं कारण, जाळी. पुष्कळ ठिकाणी ट्रॅक आणि तुमच्यामध्ये तारेची जाळी असते. लेन्सच्या तोंडावरचा हूड जाळीला टेकवायचा, अ‍ॅपर्चर २.८, की तार जवळजवळ नाहीशी होते. तिथेच १४ वर पॅनिंग करून बघा, सगळ्या फोटोवर धुरकट पट्टे. म्हणून आम्ही जाळीमागून मोटारसायकली काढतो, कारण गुडघा टेकवून झुकलेला रायडर गोठला तरी जिवंत दिसतो. मोटारींसाठी मोकळी जागा शोधतो. राहिलं पिटमधलं, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेतलं, सावलीतलं काम आणि संध्याकाळचं विजेत्यांचं पोडियम. तिथे २.८ ला पर्याय नाही.

जास्त लांबीचा मोह सगळ्यांनाच असतो. चेन्नईच्या उन्हात डांबरावरची हवा अशी थरथरते की लांबून काढलेला फोटो ४०० ने काढा नाहीतर ६०० ने, मऊच येतो, धारदार नाही. त्यापेक्षा शंभर पावलं चालून जवळ जावं. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट याला अपवाद. पाच किलोमीटरच्या वर पसारा आणि ट्रॅकपासूनचं अंतरही मोठं. तिथे जायचं तर आम्ही लांब लेन्स भाड्यानेच घेतो.

पावसाळी धंद्याचा शत्रू म्हणजे बुरशी. कोल्हापूरच्या पावसात लेन्स बॅगेत आठवडाभर पडली तरी काळजी वाटते. म्हणून पहिल्या हंगामाच्या कमाईतून ड्राय कॅबिनेट घेतलं. आत आर्द्रता ४० ते ५० टक्के. आम्ही भाड्याने दिलेली लेन्स परत आली की आधी टॉर्च मारून आतल्या काचा बघायच्या, मगच डिपॉझिट परत. यात ओळखीपाळखीची सूट नाही.

आता बॉडी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, झाल्या. त्यांच्यासाठीची कॅननची पहिली आरएफ ७०-२०० एफ २.८ हलकी, किलोभराची, पण झूम करताना तिची नळी बाहेर येते आणि तिला टेलिकन्व्हर्टर लागत नाही. डर्ट ट्रॅकची, म्हणजे मातीच्या ट्रॅकची, लाल धूळ पाहता आम्ही ती सोडली आणि जुनीच लेन्स अ‍ॅडॅप्टरवर चालवली. २०२४ मध्ये आलेल्या झेड आवृत्तीत दोन्ही अडचणी सुटल्यात. मेहुणा म्हणतो, घेऊन टाकू. मी त्याला आधी जुनीचे किती येतात ते विचारून यायला सांगितलंय.