यादीत नसलेला प्रिंटर

प्रिंटर वापरलेला पण धडधाकट होता. काळा-पांढरा लेझर, यूएसबीची केबल, नेटवर्क वगैरे काही नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर या मॉडेलसाठी विंडोज आणि मॅकचे ड्रायव्हर (संगणकाचं काम यंत्राला कळेल अशा रूपात देणारे प्रोग्राम) होते, लिनक्सचा नव्हता. कप्सच्या यादीतही हे मॉडेल सापडेना. (कप्स म्हणजे लिनक्सवर छपाईचा कारभार पाहणारी यंत्रणा. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि पोर्ट ६३१ टाकलं की तिचं पान उघडतं.)

केबल लावून ‘एलएसयूएसबी’ ही यूएसबीला जोडलेली यंत्रं दाखवणारी कमांड चालवली, तर प्रिंटरचं नाव लगेच दिसलं. म्हणजे केबल आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) दोन्ही ठीक. हे आधी बघून घ्यावं. गाडं इथेच अडलेलं असेल तर ड्रायव्हरच्या मागे लागण्यात काही हशील नाही.

मग सगळे करतात तेच मीही केलं. यादीतला ‘जेनेरिक पीसीएल’, म्हणजे पीसीएल ही छपाईची भाषा कळणाऱ्या कुठल्याही प्रिंटरसाठीचा सर्वसाधारण ड्रायव्हर, निवडला आणि चाचणीचं पान पाठवलं. प्रिंटरचा दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि थांबला. कागद जागचा हलला नाही. कप्स मात्र सांगत होतं, काम पूर्ण झालं! या ‘पूर्ण’वर भिस्त ठेवू नये. केबलमधून बाइट पलीकडे गेले, एवढंच त्याला म्हणायचं असतं. पलीकडे ते कुणाला कळले की नाही, हे त्याच्या गावीही नसतं.

या टप्प्यावर माणूस मॉडेल नंबर टाकून शोधत सुटतो. माझ्या मते त्यात फार वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. मॉडेल नंबर ठरवतं विक्री खातं. प्रिंटरला कुठली भाषा कळते, ते प्रिंटरलाच विचारावं. ‘एलपीइन्फो’ ही कमांड ‘-एल -व्ही’ लावून चालवली की प्रत्येक यंत्राचा ‘डिव्हाइस आयडी’ दिसतो. त्यात एमएफजी म्हणजे उत्पादक, एमडीएल म्हणजे मॉडेल आणि सीएमडी म्हणजे यंत्राला कळणाऱ्या भाषा. माझ्या प्रिंटरच्या सीएमडीपुढे पीसीएल नव्हतं, पोस्टस्क्रिप्ट ही दुसरी प्रचलित भाषाही नव्हती. होतं ते पीजेएल आणि कंपनीच्या स्वतःच्या भाषेचं एक संक्षिप्त नाव. पीजेएल हे नुसतं पाकीट आहे: काम सुरू झालं, संपलं, टोनर जपून वापर, असल्या सूचना त्यावर असतात. पान काढायचं कसं, ते आतल्या भाषेत.

स्वस्त लेझर प्रिंटरांची ही जुनी रीत आहे. पान आखण्याचं काम प्रिंटर करतच नाही, संगणकाने ठिपक्यांचं तयार चित्र पाठवायचं. ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) ए४ पानावर सुमारे साडेतीन कोटी ठिपके होतात. एका ठिपक्याला एक बिट धरला तरी एका पानाचे ४३ लाखांहून जास्त बाइट. म्हणून ते दाबून, आकसून पाठवतात, आणि ते आकसण्याची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी. ड्रायव्हर हवा असतो तो या पद्धतीसाठी.

त्याच मालिकेतल्या दुसऱ्या एका मॉडेलसाठी कंपनीने लिनक्सचं पॅकेज दिलेलं होतं, आणि त्याची भाषा हीच होती. ते बसवलं. छपाईला पाठवताच उत्तर आलं, ‘फिल्टर फेल्ड’. कप्सचं डीबग लॉगिंग चालू करून एरर लॉग पाहिला, तर फिल्टरची, म्हणजे मजकुराचं प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची, फाइलच सापडत नाही म्हणे. फाइल तर डोळ्यांसमोर होती, चालवण्याची परवानगीही होती! खुलासा ‘फाइल’ या, फाइलीचा प्रकार सांगणाऱ्या कमांडने केला. फिल्टर ३२ बिटांचा होता आणि माझी प्रणाली ६४ बिटांची. अशा वेळी जे सापडत नसतं ते म्हणजे तो प्रोग्राम मेमरीत चढवणारा ३२ बिटांचा लोडर, पण संदेशात ते कुठेही येत नाही. संदेश इतका दिशाभूल करणारा असावा, याचा राग मला अजून येतो.

३२ बिटांच्या लायब्ररी घालून ते पॅकेज चाललं असतं. पण सोर्स (मूळ कोड) नसलेला इतका जुना प्रोग्राम किती दिवस ओढणार? त्याच भाषेसाठी एका मुक्त ड्रायव्हरचा सोर्स उपलब्ध होता. त्यातही माझं मॉडेल नव्हतं, पण भाषा जुळत होती. कप्सची डेव्हलपमेंट लायब्ररी आणि सीमेक हे सोर्सपासून प्रोग्राम बांधायला लागणारं साधन बसवलं, कंपाइल केलं, इन्स्टॉल केलं. त्यात काही विशेष नाही. एवढंच, की फिल्टरची फाइल हाताने जागेवर ठेवणार असाल तर ती रूटच्या (प्रणालीच्या मुख्य खात्याच्या) मालकीची हवी आणि इतरांना तीत लिहिण्याची मुभा नको, नाहीतर कप्स ती चालवायला नकार देतं. कप्स पुन्हा सुरू करून यादीतलं सगळ्यात जवळचं मॉडेल निवडलं.

प्रिंटर गुरगुरला आणि कागद मागू लागला. ट्रे भरलेला होता. पीपीडी फाइलीत (प्रिंटरचे पर्याय आणि मूळ सेटिंग लिहिलेल्या फाइलीत) कागदाचा मूळ आकार ‘लेटर’ होता, ट्रेमध्ये ए४. आकार बदलल्यावर पान आलं, स्वच्छ, कडा जागच्या जागी. १२०० डीपीआयला मात्र खालचा भाग कोरा येतो, म्हणून ६०० वरच ठेवलं आहे. मजकुराला ते पुरेसं आहे.

नंतर एक किरकोळ त्रास राहिला. प्रिंटर बंद असताना काम पाठवलं की रांगच थांबायची आणि प्रत्येक वेळी ती पुन्हा सुरू करायला ‘कप्सइनेबल’ चालवावं लागायचं. रांगेची एरर पॉलिसी ‘रिट्राय जॉब’ केल्यापासून प्रिंटर चालू केला की अडकलेलं काम आपोआप निघतं.

आता नवा प्रिंटर घेणाऱ्यांना यातलं बरंचसं करावं लागत नाही. आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट ही ड्रायव्हरविना छपाईची मानकं पाळणारा प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालतो, आणि यूएसबीने जोडलेल्या अशा काही यंत्रांसाठी ‘आयपीपी-यूएसबी’ हा प्रोग्राम आहे. जुन्यांचं काय, हा प्रश्न उरतो, कारण कप्सच्या ३.० मालिकेतून पीपीडी फाइलींचा आधार काढून टाकायचं ठरलेलं आहे. तिथे असे ड्रायव्हर ‘प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन’च्या, म्हणजे जुन्या प्रिंटरला ड्रायव्हरविना चालणाऱ्या प्रिंटरसारखं दाखवणाऱ्या स्वतंत्र प्रोग्रामच्या, रूपात चालवावे लागतील. माझ्या ड्रायव्हरचा सोर्स आणि बदललेली पीपीडी मी त्यासाठी बाजूला जपून ठेवली आहे.