तुम्ही विचारलंत म्हणून: सगळी जुनीच आहे ना?

प्रश्न नेहमी एकाच थाटात येतो. विचारणारा आधी माझ्या कपाटातल्या रिमोटवर चालणाऱ्या जुन्या खेळण्यातल्या गाड्यांकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि म्हणतो, "अहो, तीच गाडी आता नवी कोरी मिळते की! डबासुद्धा तसाच. मग या जुन्या खटाऱ्यांत एवढा जीव कशाला अडकवायचा?" घरचे विचारतात तेव्हा त्यात जागेची तक्रार असते. रिमोटच्या गाड्या जमवणारे विचारतात तेव्हा तो सापळा असतो. मी "नवी ती नक्कल" असं म्हणायचा अवकाश, ते माझ्याच गाडीच्या टायरवर बोट ठेवतात, कारण टायर नव्या डब्यातले असतात.

गेली पंधरा वर्षं मी या प्रश्नाला माणूस बघून उत्तर देत आलोय. ती उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत हे मला कळतं. तुम्ही ओळखण्याआधी मीच सांगतो.

2010 मध्ये तामिया या जपानी कंपनीने सँड स्कॉर्चर ही आपली जुनी गाडी पुन्हा काढली, तिथपासून सुरू करू. मूळ गाडी 1979ची. त्याआधी हॉर्नेट 2004 मध्ये परत आली होती, हॉटशॉट 2007 मध्ये, पण तेव्हा मी फारसा चिडलो नव्हतो. त्या प्लॅस्टिकच्या गाड्या, येऊ देत, असं काहीसं वाटलं होतं. सँड स्कॉर्चरचं तसं नव्हतं. ओतीव धातूचे सस्पेन्शनचे हात, फायबरची चॅसिस (म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा), धक्के शोषणारे तेल भरलेले डँपर. अशी गाडी आता कोणी करणार नाही, या एका वाक्यावर माझं निम्मं कपाट उभं होतं. आणि ज्यांनी ती केली होती त्यांनीच ती पुन्हा केली.

तेव्हा मी काय काय बोललो ते आठवलं की आज कान गरम होतात. 58016, म्हणजे 1979ची, ती गाडी आणि 58452, म्हणजे 2010ची, ती फोटोकॉपी, असं मी चारचौघांत म्हणायचो. (किटचे, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या डब्याचे, हे क्रमांक तामियाच्या 1976च्या पहिल्या रिमोट गाडीपासून, पोर्श 934पासून, म्हणजे 58001पासून, चालत आलेत. आमच्यातल्या काहींना स्वतःचा फोन नंबर आठवत नाही, पण हे पाठ असतात.) नव्या किटमध्ये वेग कमी-जास्त करणारा जुना यांत्रिक स्पीड कंट्रोलर नाही, हा माझा हुकमी मुद्दा. जुन्यात सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या हुकमावर फिरणारी छोटी मोटर, एक दांडी हलवायचा, ती तांब्याच्या पट्ट्यांवरून घासत जायची, रेझिस्टर तापून लाल व्हायच्या बेताला यायचा. नव्यात इलेक्ट्रॉनिक डबी. ना खरखर, ना वास. मी म्हणायचो, आत्माच काढून घेतला. खरं सांगायचं तर त्या आत्म्याने माझी बोटं दोनदा भाजलीत आणि एकदा बॅटरीची वायर वितळवली आहे.

नावांवरूनही मी खिल्ली उडवायचो. रफ रायडर 2009 मध्ये बग्गी चँप होऊन आली, सुपर चँप 2014 मध्ये फायटिंग बग्गी, फॉक्सची नोव्हाफॉक्स झाली. "बघा, स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही यांना!" मग कुणीतरी शांतपणे सांगितलं की जपानात रफ रायडर पहिल्या दिवसापासून बग्गी चँप याच नावाने विकली जात होती. म्हणजे नाव बदललं होतं ते आमच्यासाठी, तेही 1979लाच. मी विषय बदलला.

आता थोडं माझ्या बाजूनं. फरक असतात, आणि ते बघणं हा वेडेपणा नाही. तामियाच्याच 1983च्या फ्रॉग या गाडीच्या मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टची टोकं षटकोनी होती. ती झिजली की गाडी कट्कट् आवाज करत जागच्या जागी मोटर फिरवायची. 2005 मध्ये पुन्हा निघालेल्या फ्रॉगमध्ये त्या जागी डॉगबोन, म्हणजे हाडाच्या आकाराचे, शाफ्ट आले. गाडी सुधारली, यात वाद नाही. पण ज्याने ती कट्कट् ऐकत लहानपण काढलंय त्याला नव्या फ्रॉगमध्ये काहीतरी हरवल्यासारखं वाटलं तर त्याला हसू नका. क्योशो या दुसऱ्या कंपनीने 2014 मध्ये आपली स्कॉर्पियन आणि 2016 मध्ये ऑप्टिमा परत आणली, असोसिएटेड या कंपनीने 2013 मध्ये आपली आरसी10. प्रत्येक वेळी हीच चर्चा झाली: कुठला भाग तसाच, कुठला बदलला. यात कुणाचं वाईट होत नाही.

पैशाचंही बोलून टाकतो, कारण तुम्ही ते विचारत नाही, नुसते हसता. नवी गाडी आली की जुन्या न उघडलेल्या डब्यांचा भाव पडतो आणि डबे धरून बसलेले लोक तत्त्वाच्या गोष्टी बोलू लागतात. मी म्हणायचो, माझा प्रश्न पैशाचा नाही. थोडा होता.

पण माझं तोंड खरं बंद झालं ते या कशानेही नाही.

माझ्याकडची जुनी सँड स्कॉर्चर मी तिसरा की चौथा मालक म्हणून घेतली होती. चॅसिसची पाटी उलटी करून उजेडात धरली की खालच्या बाजूला शेकडो ओरखडे दिसायचे, सगळे एकाच दिशेचे, पुढून मागे. कुणीतरी ती भरपूर पळवली होती. बॉडी मात्र मोडकी. छताचा उजवा खांब तुटलेला, कुणीतरी तो डिंक लावल्यासारखा जाड ओघळ आणून चिकटवलेला, पुढचा एक तुकडा गायब. आणि छताला आतून पेन्सिलने लिहिलेलं: 27.145. रिमोट आणि गाडी कुठल्या लहरीवर बोलणार ते ठरवणाऱ्या क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी. दोघांच्या गाड्या एकाच आकड्यावर असल्या की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी भिंतीवर आदळायची, म्हणून लोक असं लिहून ठेवत. अक्षर मुलाचं असावं. सातच्या पोटात आडवी रेघ.

2010ची गाडी आली तेव्हा, एकीकडे तिला नावं ठेवत, मी एक डबा घेतला. "सुट्या भागांसाठी" असं स्वतःला सांगितलं. बाकीचं सगळं डब्यातच ठेवलं आणि त्यातली बॉडी काढून, चित्रावरच्यासारखी रंगवून, जुन्या चॅसिसवर चढवली. कपाटात ती इतकी देखणी दिसायची की वर्षभरात मी स्वतःच विसरलो. विसरलो म्हणजे काय, आठवायचं टाळायला लागलो.

चार वर्षांनी एक मित्र आला. त्याच्या मोठ्या भावाकडे लहानपणी सँड स्कॉर्चर होती. भावाने ती लाल रंगवली होती, ब्रशने, फटकारे दिसतील अशी. गाडी कधीच गेली होती. भाऊ त्या वर्षी गेला. मित्र म्हणाला, "मला नवी नकोय. नवी आणायची तर कधीच आणली असती. तुझ्याकडची देशील का?" मी कुणाला गाडी देत नाही हे त्याला माहीत होतं, तरी त्याने विचारलं आणि मी हो म्हणालो. त्या क्षणी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. पुढचं सगळं त्या अभिमानातून झालं असं मला आता वाटतं.

गाडी हातात घेऊन त्याने विचारलं, "सगळी जुनीच आहे ना?"

मी म्हणालो, "टायर आणि काही स्क्रू बदललेत."

हे खरं होतं. टायर बदललेले होते, स्क्रूही. वाक्यातला एक शब्द खोटा नव्हता. मी ते वाक्य तयार करून ठेवलं नव्हतं, ते इतकं अलगद आलं की मलाच आश्चर्य वाटलं.

दोनेक महिन्यांनी त्याचा फोन आला. भावाची होती तशी लाल रंगवायची म्हणून त्याने माझा रंग उतरवला होता. आवाज अगदी साधा. "अरे, बॉडी चॅसिसला जिथे अडकते ना, तिथल्या कडा बघतोय मी. पस्तीस वर्षांत हजार वेळा काढली-घातली असणार. एक ओरखडा नाही. आणि खालचं प्लॅस्टिक कोरं करकरीत. ही नव्यातली आहे का?"

मी "हो" म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. थोडा वेळ काहीच नाही. मग, "मला चाललं असतं रे. तू सांगायचंस." आणि मग त्याने विचारलं, "जुनी बॉडी कुठाय?"

इथे मला थांबता आलं असतं. पहिलं खोटं निदान अर्धवट होतं. मी म्हणालो, "पार मोडली होती. टाकली."

टाकली नव्हती. टाकणार कशी? सगळ्या गाडीत मला तीच एक वस्तू खरी वाटत होती. तो चिकट ओघळ, ती आडव्या रेघेची सात. नवं प्लॅस्टिक मी मित्राला "जुनं" म्हणून दिलं आणि जुनं स्वतःजवळ ठेवलं. बाहेर ओरडून नक्कल-नक्कल म्हणणारा माणूस आतून काय समजत होता ते यावरून बघा. की उलटं समजायचं? नव्या बॉडीत काही कमी आहे असं मनापासून वाटत असतं, तर मी ती त्याला दिली नसती. त्याला तर नाहीच. मग मनात म्हणतो, वा, छान पळवाट काढलीस! या जागी मी दरवेळी अडतो.

त्याने ती नवी बॉडी लाल रंगवली. ब्रशने, फटकारे ठेवून. फोटो पाठवला, खाली एक शब्द नाही. मी "सुंदर" असं उत्तर पाठवलं. आमच्यात काही बिनसलं नाही. तो वाढदिवसाला फोन करतो, मी करतो. गाडीचा विषय निघत नाही.

2010चा मी आज समोर बसला असता तर म्हणाला असता, "म्हणजे माझंच खरं ठरलं. खरं-खोटं यात फरक असतो म्हणूनच तुला लपवावं लागलं." यावर माझ्याकडे उत्तर नाही असं नाही. फरक प्लॅस्टिकमध्ये नव्हता, माझ्या बोलण्यात होता, असं म्हणता येईल. दोन वर्षांपूर्वी एकाला हेच उत्तर दिलं आणि मान डोलावून घेतली. घरी आल्यावर वाटलं, हे फारच सोयीचं आहे. प्लॅस्टिकमध्ये फरक नव्हता तर मी ती बॉडी अजून का सोडत नाही?

टायर बदलले तर गाडी जुनीच, हे सगळे मानतात. जुनं रबर कडक होऊन भेगाळतं, त्याला इलाज नाही. स्क्रू बदलले तरी जुनीच. मोटर? चालेल. बॉडी? इथे लोक घुटमळतात. चॅसिस? मग नाही. ही रेघ कुणी आखली ते मला कुणी सांगितलेलं नाही, आणि ती रेघ माझ्यासाठी नेमकी माझ्या सोयीच्या ठिकाणी सरकते, हे मात्र मी पाहिलंय. माझ्या फ्रॉगमध्ये 2005चे शाफ्ट आहेत. मी ती "1983ची फ्रॉग" म्हणूनच दाखवतो. कुणी विचारलं तर सांगतो. कुणी विचारत नाही.

नवी घ्यावी का, असं विचारणाऱ्याला मी आजकाल "घे" म्हणतो. पळवायची असेल तर नवीच घे, जुनीचे सुटे भाग शोधण्यात आयुष्य जाईल. आणि खरं म्हणजे ही पुन्हा निघालेली किट आली नसती तर निम्म्या जुन्या गाड्या आज चाकावर उभ्या नसत्या, माझ्यासुद्धा. हे मी पूर्वी बोलत नसे. पण त्याच दमात "दोन्ही सारखीच" म्हणायला सांगाल तर जीभ वळत नाही. का, ते विचारू नका. म्हणजे विचारा, पण उत्तर मागच्यापेक्षा वेगळं मिळेल.

गेल्या महिन्यात माळा आवरताना 58452चा डबा खाली काढला. आत नवी चॅसिस, हात, डँपर, सगळं पिशव्यांत तसंच. आणि जिथे नवी बॉडी होती त्या जागी ती मोडकी, 27.145वाली. तीन संध्याकाळी बसून चॅसिस जोडली. मग मोडकी बॉडी तिच्यावर ठेवून पाहिली. बसली. कुठे घासावं लागलं नाही, कुठे वाकवावं लागलं नाही, 1979ची बॉडी 2010च्या चॅसिसवर एका दाबात बसली.

हे तो मित्र वाचेल, तो सगळं वाचतो. तर, ऐक: टाकली नव्हती. माळ्यावरून खाली आणली आहे. तुला हवी असेल तर तुझी.