भयकथा म्हटली की मी खानोलकर का सुचवतो

वेंगुर्ल्याकडचा आहे म्हटल्यावर बरेच जण विचारतात, ‘कोकणातली भयकथा वाचायचीय, कुणाची वाचू?’ मी चिं. त्र्यं. खानोलकर सांगतो. त्यावर हटकून येतं, ‘म्हणजे आरती प्रभू? ते तर कवी!’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कवी ते होतेच, आरती प्रभू या टोपणनावाने. ‘नक्षत्रांचे देणे’ या कवितासंग्रहाला 1978 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण तो घ्यायला ते नव्हते. 1976 मध्ये, वयाच्या 46व्या वर्षीच गेले. जन्म 1930चा, वेंगुर्ले तालुक्यातल्या बागलांची राई इथला. पुढे कुडाळात खानावळ चालवली, मग मुंबई. पैशाची ओढग्रस्ती शेवटपर्यंत सुटली नाही. एवढ्या आयुष्यात कविता, कादंबऱ्या, नाटकं, सगळं लिहून झालं.

आता भीतीबद्दल. आमच्याकडे देवचार असतो, गिरो असतो, ही कोकणातली भुतंखेतं, पण त्यांच्यावर उपाय असतो. गाऱ्हाणं घालावं, नारळ ठेवावा, देवाचा कौल घ्यावा, म्हणजे त्यालाच विचारून निवाडा घ्यावा. खानोलकरांच्या भीतीवर उतारा नाही. ‘कोंडुरा’ ही कादंबरी घ्या. समुद्राच्या त्या घळीशी परशुरामतात्याला मिळतं ते वरदान. गर्भ पाडणारी मुळी हाती येते, आणि सोबत ब्रह्मचर्याची अट. त्यानंतर देवी बोलली की त्याचंच मन बोललं, हे त्याला कळत नाही, आपल्यालाही नाही. आणि अशा माणसाच्या हाती दुसऱ्याच्या पोटातलं मूल. मला भुतापेक्षा हे फार भयंकर वाटतं. स्वतःला देवाचा माणूस समजणाऱ्याला कौल कोण लावणार?

‘चानी’ या कादंबरीत तर अद्भुत काही घडावंही लागत नाही. गोऱ्या बापाची, वेगळ्या रंगारूपाची पोर आणि तिच्यामागे लागलेला गाव, एवढं पुरतं.

श्याम बेनेगल यांनी ‘कोंडुरा’वर हिंदी आणि तेलुगूत सिनेमा केला, गोष्ट आंध्रात नेली. कोकण सुटलं तरी ती उभी राहिली. माडांच्या सावल्या आणि पावसाळी रात्री यांच्यावरच खानोलकरांची भीती तगून आहे असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

सुरुवात ‘कोंडुरा’नेच करा. मग ‘रात्र काळी, घागर काळी’. ती सावकाश वाचा, भाषा दाट आहे. कविता त्यानंतर पुन्हा काढा. ‘जोगवा’ या संग्रहातल्या ओळी तेव्हा वेगळ्याच लागतात.