तिरक्या भोकांचे कपाट

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एक जुना वाडा उतरवला गेला, तेव्हा माळ्याच्या सागवानी तुळया त्या कुटुंबाने विकू दिल्या नाहीत. पुढे घरातल्या नातवाने त्याच तुळया चिरून घेतल्या आणि पुस्तकांचे एक मोठे कपाट स्वतःच्या हाताने बांधले. मुलगा कलाभवनात शिकतो. सयाजीराव महाराजांनी 1890 साली सुरू केलेली ती संस्था आता विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा आहे, पण बडोद्यात तिला कलाभवनच म्हणतात. मकरपुऱ्यात माझा फर्निचर बनवण्याचा आणि दुरुस्तीचा छोटा कारखाना आहे, आणि या घरच्या झोपाळ्याच्या कड्यांपासून देव्हाऱ्याच्या दारापर्यंत सगळे काम माझ्या वडिलांपासून आमच्याकडेच येते. ऐन श्रावणात आजींचा फोन आला. "नातवाच्या कपाटाला देवी आल्यात, येऊन बघून जा," एवढेच त्या म्हणाल्या.

जाऊन पाहिले तर उपमा अगदी चपखल होती. कपाटाच्या पुढच्या चौकटीवर, प्रत्येक आडव्या पट्टीच्या दोन्ही टोकांना, लांबट अंडाकृती फिकट डाग जोडीजोडीने उठले होते. मुलाने सगळे सांधे पॉकेट होल पद्धतीने केले होते. यात एका साच्यातून, पृष्ठभागाशी साधारण पंधरा अंशांचा कोन करून, तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीचे तिरके भोक पाडतात. ड्रिलचे टोक पायरीचे असल्यामुळे पुढे बारीक वाट आणि मागे स्क्रूचे डोके बसेल असा खिसा एकाच वेळी तयार होतो, आणि चपट्या डोक्याचा स्क्रू त्या वाटेने पलीकडच्या लाकडात शिरून सांधा आवळतो. सहा सूत जाडीच्या लाकडाला सव्वा इंची स्क्रू पुरतो. टेबलाचा वरचा तक्ता खालच्या फळीला आतून असा तिरका स्क्रू मारून धरण्याची रीत फार जुनी आहे. अमेरिकेतील क्रेग कंपनीने 1980 च्या दशकापासून हे साचे बाजारात आणल्यावर मात्र कुसू आणि खाच यांच्या पारंपरिक सांध्यांचा वर्षानुवर्षांचा सराव नसलेल्या माणसालाही चौकट पक्की जोडता येऊ लागली. मी स्वतः स्वयंपाकघराच्या कपाटांना ही पद्धत सर्रास वापरतो, तेव्हा तिला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. भोके मागच्या बाजूला राहिली पाहिजेत, एवढीच तिची अट असते.

इथे ती भोके पुढे आली होती. तुळयांच्या एका अंगाला जुन्या खिळ्यांचे काळे व्रण होते, ते आत जावेत म्हणून मुलाने जोडणी करताना पट्ट्या उलटवल्या आणि त्यांच्याबरोबर भोकेही दर्शनी बाजूला आली. फेविकॉल लावून स्क्रू आवळलेले असल्याने चौकट उकलण्याचा मार्गही बंद झाला होता. त्यानंतर एका पॉलिशवाल्याने खडूची भुकटी, गेरू आणि पिवडी कालवून केलेली लांबी त्या भोकांत भरली आणि भर पावसाळ्यात वरून मेलामाइन पॉलिशचा हात मारला. दमट हवेत मेलामाइन ठिकठिकाणी धुरकटले. लांबीने पॉलिश प्यायले नाही, आणि जिथे सागाची रेषा सलग वाहायला हवी होती तिथे रेषाच नसलेले मातकट ठिपके उरले.

"काका, सरळ रंग मारून टाकू का?" मुलाने विचारले.

"वाड्याच्या सागाला ऑइलपेंट फासणार?" आजी आतून म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला.

आमच्या मिस्त्रीने दोन पर्याय मांडले. पूर्ण चौकटीवर विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवावा, किंवा सांध्यांवरून नक्षीची पट्टी ठोकावी. विनियरने भोके नक्कीच झाकली असती, पण मग जुना साग वापरण्याला अर्थ काय राहिला? पट्टी ठोकली असती तर खण अरुंद होऊन मोठी पुस्तके अडली असती. बाजारात या भोकांसाठी तयार लाकडी खुंट्या मिळतात, पण बहुधा ओक, पाइन, मेपल अशा परदेशी लाकडांच्या. पन्नास-साठ वर्षे धूर खाल्लेल्या सागात त्या बसवल्या तर डाग तेवढेच राहिले असते, फक्त रंग बदलला असता. भोके सागानेच भरायची आणि तो सागही याच तुळयांचा हवा, असे मी सांगितले. उरलेले तुकडे कुठे आहेत, हे विचारल्यावर मुलगा गप्प झाला. ते न्हाणीघराच्या पडवीत बंबाशेजारी पोत्यात होते आणि रोज सकाळी त्यांतले थोडे थोडे जळत होते. पोत्यात हात घातला तेव्हा निम्म्याहून अधिक माल शिल्लक निघाला. बंबाच्या उबेला राहून ते तुकडे खडखडीत वाळलेही होते, आणि या कामात ते फार सोयीचे असते. खुंटी आजूबाजूच्या लाकडापेक्षा कोरडी असेल तर बसवल्यावर किंचित फुगून घट्ट धरते. ओली असेल तर पुढे आकसते आणि भोवती केसाएवढी काळी फट दिसू लागते.

कपाट टेम्पोने कारखान्यात आणले आणि आधी मेलामाइन पत्र्याच्या स्क्रेपरने खरवडून काढले. लांबी काढण्यासाठी पायरीचे ड्रिल पुन्हा घातले असते तर त्याचे पुढचे टोक स्क्रूच्या डोक्यावर आपटले असते. म्हणून साधे तीन सुतांचे ड्रिल घेतले, त्याला खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळली आणि हातानेच फिरवत भोके रिकामी केली. खुंट्यांसाठी आमच्याकडे एक जाड लोखंडी पट्टी आहे, तिला मापाची भोके पाडलेली आहेत. चौकोनी काडी पटाशीने थोडी गोलसर करायची, त्या भोकावर उभी धरायची आणि हातोडीने खाली ठोकत न्यायची. भोकाची धार जादा लाकूड सोलून काढते आणि खालून गोल खुंटी बाहेर पडते. प्रत्येक आडव्या पट्टीजवळ पोत्यातले तुकडे धरून छटा जुळवण्याचे काम मी मुलालाच दिले. एकाच तुळईतसुद्धा किती रंग असतात हे तेव्हा त्याच्या ध्यानात आले, आणि एकेक तुकडा खिडकीपाशी नेऊन पाहण्यात त्याचा सगळा दिवस गेला.

खुंटी बसवताना फेविकॉल भोकाच्या भिंतीला बोटभरच लावायचा, स्क्रूच्या डोक्यावर साठू द्यायचा नाही. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला की तो पातळ होऊन आजूबाजूच्या छिद्रांत शिरतो आणि पॉलिश करताना तिथे फिकट वलय उमटते. तो थोडा घट्ट होऊ द्यावा आणि पटाशीने उचलून काढावा. गोंदातल्या पाण्याने खुंटी फुगलेली असते. त्याच दिवशी ती घासून समतल केली तर सुकल्यावर खाली बसते आणि खड्डा दिसतो, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत तिला हात लावायचा नाही. मिस्त्रीला ही वाट पाहणे कधीच मानवत नाही. त्याचे "चालशे, चालशे" दिवसभर चालू होते.

कापण्याचा भाग मी मुलाला स्वतः दाखवला. जुन्या लग्नपत्रिकेला भोक पाडून ती खुंटीवर चढवली, म्हणजे करवतीचे दात पट्टीला ओरखडत नाहीत, आणि पत्रिकेला टेकवून खुंटी कापली. जेवढी जाडी वर उरली ती पटाशीने तासायची. खुंटी सांध्यापासून पट्टीच्या मध्याकडे कललेली असते, त्यामुळे तिचे तंतूही त्याच दिशेने वर येत असतात. पटाशी सांध्याकडून मध्याकडे चालवली तर ढलपी वर सुटते. उलट चालवली तर तंतू खाली फाटत जातात आणि समतलाच्याही खालचा टवका निघून येतो. मुलाने सगळ्या खुंट्या न चुकता तासल्या. त्याचा हात चांगला आहे.

सगळी चौकट एकाच पॉलिश पेपरने घासून सारखी केली आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा, म्हणजे लाखेचा, एक पातळ हात दिला. मग मी चार पावले मागे सरकलो. डाव्या टोकाच्या खुंट्या गडद दिसत होत्या आणि उजव्या टोकाच्या उजळ. तुकडे जुळवण्यात गफलत झाली असावी, अशी शंका मिस्त्रीने बोलून दाखवली, आणि मुलाचा चेहरा उतरला. पण छटा मी स्वतः तपासल्या होत्या. म्हणून मी खिडकीकडून दाराकडे चालत गेलो, आणि मधे कुठेतरी सगळे पालटले. आता डाव्या खुंट्या उजळ होत्या आणि उजव्या गडद. रंग तोच होता. फरक प्रकाशाचा होता. चौकटीचे तंतू पृष्ठभागाला समांतर धावतात. खुंटीचे तंतू मात्र पंधरा अंशांनी आत उतरतात आणि दोन टोकांच्या खुंट्या एकमेकींकडे कललेल्या असल्याने उजेड परस्परविरुद्ध दिशांना परततो. शिवाय तिरके कापलेले तंतू पॉलिशही थोडे जास्त पितात. या धंद्यात इतकी वर्षे काढूनही मी तो खेळ इतका स्पष्ट कधी पाहिला नव्हता, कारण माझी भोके नेहमीच मागे असतात.

जास्त पिणाऱ्या तंतूंवर उपाय सोपा आहे: खुंटीच्या तोंडावर अतिशय पातळ चपडा बारीक ब्रशने आधी पाजून घ्यायचा, म्हणजे पुढचा हात तिथे जादा मुरत नाही. परावर्तनावर असा उपाय नाही. मिस्त्रीने काडीच पंधरा अंश तिरकी चिरण्याची युक्ती काढली, म्हणजे तिचे तंतू बसवल्यावर पृष्ठभागाला समांतर येतील. विचार अचूक होता, पण तिरक्या रेषेची काडी लोखंडी पट्टीतून ठोकताना चिरत गेली, त्यामुळे ते सोडून द्यावे लागले.

शेवटी नजरेच्या उंचीवरच्या पट्ट्यांना आम्ही थिगळ लावायचे ठरवले. खुंट्या तशाच आत ठेवून, त्यांच्यावरून दोन्ही भोके झाकतील अशी सुमारे तीन मिलिमीटर खोल खाच कोरली आणि तिच्यात त्याच तुळईचा सरळ रेषांचा तुकडा बसवला. थिगळाच्या लांब कडा लाकडाच्या रेषेबरोबर धावल्या तर दिसत नाहीत; घात करतात त्या आडव्या कडा. म्हणून दोन्ही टोके होडीसारखी निमुळती केली. खाचेला एकेक करत तुकडा घासून बसवणे हे वेळखाऊ काम आहे आणि त्याची मजुरी कपाटाच्या किमतीला परवडत नाही, असे मी आजींना फोनवर स्पष्ट सांगितले. "पुस्तकं काढताना मला जे दिसतं ते नीट कर, गुडघ्याखाली कोण बघतंय," असे त्या म्हणाल्या. त्यामुळे खालच्या दोन पट्ट्यांना नुसत्या खुंट्या राहिल्या.

फळ्यांच्या खालच्या अंगाच्या भोकांना मुलगा गोंद लावून बंद करायला निघाला होता, त्याला मी थांबवले. पुस्तकांच्या वजनाने फळी पुढेमागे ढिली झाली तर तोच स्क्रू पुन्हा आवळता आला पाहिजे. ती उघडीही ठेवता येत नाहीत, कारण आपल्याकडे असे भोक दिसले की कुंभारीण माशी चिखल भरून घर करते. माझ्या कारखान्यातल्या, लाकूड ठेवून कापायच्या जुन्या घोड्यांची बरीच भोके तिनेच फुकटात बुजवली आहेत! तिथे खुंट्या गोंद न लावता, बोटाने दाबून बसवल्या. लागल्यास लहान स्क्रू फिरवून त्या ओढून काढता येतात.

कपाट गणपतीच्या आधी घरी हवे होते. चपड्याचे पॉलिशही दमट हवेत पांढरट होते, तेव्हा पाऊस लागला की आम्ही हात थांबवत असू, आणि चतुर्थीला कपाट दोन पातळ हातांवरच दांडिया बाजारात पोहोचले. आरतीला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणी त्याच्याकडे वळून पाहिले नाही, असे मुलाने थोड्या नाराजीने सांगितले. मला ती बातमी उत्तम वाटली.

उरलेले हात दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, मी त्यांच्या घरीच दिले. दारातून आत येताना खालच्या पट्टीच्या डाव्या खुंट्या अजून थोड्या चमकतात. आजींना मी त्या दाखवल्या, त्यांनी चश्मा लावून पाहिल्या आणि बिलातून शंभर रुपये कमी करायला सांगितले. मी ते केले. मुलगा त्या वेळी ओट्यावर नव्या चपलांच्या मांडणीच्या पट्ट्या ओळीने लावून प्रत्येकीच्या दर्शनी बाजूवर खडूने मोठी फुली मारत होता.