नामंजूर पायलटमधलं ‘असो’

सकाळी इनक्युबेटरमधून टेप बाहेर काढली. आदल्या दिवशी आठ तास पन्नास अंशांवर ठेवून रात्रभर आतच निवू दिली होती. पाऊण इंची यू-मॅटिक, म्हणजे जुन्या पद्धतीची व्हिडिओ कॅसेट, पाठीवरच्या चिठ्ठीवर फिकट शाईत दोन शब्द : ‘पायलट – नामंजूर’.

विनोदी मालिका बनवणाऱ्या एका छोट्या स्वतंत्र निर्मितीसंस्थेत जुन्या टेप आणि करारांच्या फायली सांभाळण्याचं काम मी करते. मॅडमनी आणि त्यांच्या भागीदाराने ही संस्था उभी केली. भागीदार आता नाहीत. पहिला पायलट, म्हणजे मालिका विकण्यासाठीचा नमुना भाग, दोघांनी पदरचे पैसे घालून केला आणि एका वाहिनीने तो नाकारला. पुढे त्याच वाहिनीने त्याच पात्रांवर मालिका मागितली आणि ती तुफान चालली. पण तिचा सगळा खर्च वाहिनीचा होता, त्यामुळे हक्कही कायमचे वाहिनीकडे गेले. आमच्या वाट्याला निर्मितीशुल्क आणि नाव.

आता त्या मालिकेतल्या हेडक्लार्कवर कुणाला तरी नवी मालिका करायची आहे. भागीदारांनीच रंगवलेला हा माणूस एखाद्याला झापायला सुरुवात करतो, मध्येच गप्प होतो, स्वतःच्या खिशाकडे बघतो आणि म्हणतो, “असो.” वाहिनीचं म्हणणं, “हे पात्र आमच्या करारात, आमच्या पैशांवर घडलं.” आमच्या वकिलांनी विचारलं, करार व्हायच्या आधी ते अस्तित्वात होतं याचा पुरावा काय? मी पायलटची संहिता शोधून दिली. तिच्यात हेडक्लार्क होता, पण ‘असो’ कुठेच नव्हतं, आणि त्याच्याशिवाय तो माणूस चारचौघांसारखाच.

राहिली ही टेप. वर्षानुवर्षं ओलावा शोषून तिचा बाइंडर, म्हणजे चुंबकीय कण धरून ठेवणारा थर, चिकट झाला होता. मागच्या आठवड्यात लावून पाहिली तर चीं आवाज करत मशीनच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी गाळ सोडला. इनक्युबेटरच्या उबेत अशी भाजल्यावर अशी टेप काही दिवस, फार तर काही आठवडे धड चालते. म्हणून पहिल्याच फेरीत सरळ डिजिटल फाइल करायचं ठरवलं.

क्लॅपर, म्हणजे दृश्याआधी दाखवतात ती पाटी, दिसला. त्यावर तारीख होती, कराराच्या दोन वर्षं आधीची. माझ्या छातीवरचं अर्धं ओझं तिथेच उतरलं. अकराव्या मिनिटाला चित्रात पांढऱ्या ठिपक्यांचा बर्फ पडायला लागला. थांबवलं, अल्कोहोलने हेड पुसले, पंधरा सेकंद मागून पुन्हा सुरू केलं. मॅडम मागे उभ्याच होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

आणि तो प्रसंग आला. हेडक्लार्क शिपायावर ओरडतो, “तुला किती वेळा सांगितलं की—” आणि थांबतो. खिशाकडे बघतो. “असो.”

“अरे, त्याला ओळ आठवली नव्हती,” मॅडम म्हणाल्या. “खिशात कागद होता त्याच्या. काढायचा की नाही, ते बघत होता.”

यू-मॅटिकवर आवाजाचे दोन ट्रॅक असतात. इथे पहिल्यावर संवाद आणि दुसऱ्यावर नुसतं प्रेक्षकांचं हसू होतं. मी दुसरा ट्रॅक एकटा ऐकला. शांतता, मग मागून कुणाचं तरी दाबलेलं खुसखुस, आणि मग अख्खी खोली फुटली. ती शांतता मी मोजली : ७८ फ्रेम, म्हणजे तीन सेकंदांहून किंचित जास्त. नंतरच्या मालिकेचे जे भाग आमच्याकडे आहेत त्यांतही तेवढाच विराम सापडतो. विसरलेली ओळ त्या माणसाने जिवापाड जपली होती.

हक्कांचा हा प्रश्न या धंद्याइतकाच जुना आहे. १९५१ साली ‘आय लव्ह लूसी’ ही अमेरिकन विनोदी मालिका सुरू होताना तिचे कलाकार लुसील बॉल आणि डेसी अर्नाझ फिल्मवर चित्रीकरणासाठी अडून बसले. खर्च वाढला, तेव्हा त्यांनी स्वतःचं मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात त्या फिल्मची मालकी मागितली. पुढे तेच भाग सीबीएस या वाहिनीला विकून त्यांच्या डेसिलू कंपनीला १९५७ मध्ये आरकेओ या चित्रपट कंपनीचे स्टुडिओ घेण्याचं बळ मिळालं. ब्रिटनमध्ये स्वतंत्र निर्मात्यांना हक्क स्वतःकडे ठेवण्याची वाट नीट मोकळी झाली ती २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टनंतर. आमच्याकडे वाटाघाटीच्या टेबलावर घालायला काहीच नव्हतं, हे मॅडम अजूनही दुखऱ्या आवाजात सांगतात. मला त्यांचं पटतं. पहिली मालिका मिळतेय म्हटल्यावर छोटी संस्था सही करते, दुसरा पर्याय तिच्यापुढे नसतोच. आणि हक्क नेणारा जिन्नस सांभाळेलच याची हमी नसते. बीबीसीनेसुद्धा एके काळी विनोदी कार्यक्रमांच्या टेप पुसून पुन्हा वापरल्या. पीटर कुक आणि डडली मूर या विनोदी जोडीचे कितीतरी भाग त्यातच गेले.

आमचा हा पायलट वाचला तो नाकारला गेला म्हणून. वाहिनीने तो विकत घेतला नाही, त्यामुळे टेपही घरातच राहिली.

दुपारपर्यंत फाइल पूर्ण झाली. दोन प्रती केल्या, त्या तंतोतंत सारख्या आहेत हे बघायला चेकसम जुळवले. क्लॅपरपासून ‘असो’पर्यंतचा सलग तुकडा वकिलांना पाठवला. टेप डब्यात घालताना मॅडमनी विचारलं, “ते हसणं वेगळं काढून देशील?” दिलं. त्या हेडफोन लावून बराच वेळ ऐकत बसल्या. मागची ती खुसखुस लाइटवाल्याची, एवढंच म्हणाल्या.

वाहिनीचं उत्तर अजून आलेलं नाही. त्याच कपाटात चिकट झालेल्या आणखी सात टेप निघाल्यात. त्यातली पहिली आज इनक्युबेटरमध्ये आहे.