तलावपाळी आणि बाबांचा जुना फोन

आज संध्याकाळी आईला घेऊन ठाण्याच्या तलावपाळीवर गेलो आणि बाबांचा नोकिया लुमिया १०२० मुद्दाम सोबत घेतला. २०१३ साली आलेल्या या फोनमध्ये ४१ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि झेनॉन वायूच्या दिव्याचा प्रखर फ्लॅश आहे. पाठीवरचा गोल उंचवटा पाहताच हा आधी कॅमेरा आणि मग फोन, हे कळते. आई मासुंदा तलावाच्या कठड्याशी उभी राहिली, मागे दिव्यांचे प्रतिबिंब पाण्यात हलत होते, आणि मी बाजूचे बटण आधी अर्धे दाबून, फोकस लागल्यावर पूर्ण दाबले. हा फोन एकाच छायाचित्राच्या दोन प्रती ठेवतो: एक मोठी, आणि दुसरी शेजारशेजारच्या सुमारे सात पिक्सेलमधून, म्हणजे चित्राच्या बारीक ठिपक्यांमधून, एक ठिपका घडवून तयार झालेली, ५ मेगापिक्सेलची, पाठवायला हलकी. एक जपायला, एक वाटायला, ही योजना मला आजही फार समंजस वाटते.

घरी येऊन केबलने दोन्ही प्रती संगणकावर घेतल्या. लहान प्रत लगेच पुण्याच्या मावशीला पाठवली. मोठी प्रत वाढवत नेली, तेव्हा आईच्या कुडीच्या एका मोत्यावर दिव्याचा बारीक ठिपका दिसला. त्या कुड्या बाबांनीच घेतल्या होत्या. आई बराच वेळ पडद्यासमोरून उठली नाही.